डिकीवरचा सायकल रॅक दर वेळी सैल का होतो, आणि कुठल्या गाडीला कुठला रॅक घ्यावा

तक्रार जवळपास सगळ्यांची एकच असते. पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये रॅक लावला, बोटं दुखेपर्यंत पट्टे ओढले, दोन सायकली चढवल्या आणि धरून हलवून पाहिलं तर सायकलींबरोबर गाडीच हलत होती. म्हणजे काम पक्कं झालं. कात्रजचा बोगदा गेला, खेड शिवापूरचा टोलनाका गेला, आणि पुढे कुठेतरी आरशात बघितलं तर सायकली डुलताहेत. उतरून पुन्हा ओढलं. खंबाटकी चढून होईपर्यंत पुन्हा तेच. मग कुणी रॅचेटचा, म्हणजे तरफेने आवळायचा, पट्टा आणतं, कुणी नायलॉनची दोरी वरून गुंडाळतं, आणि पुढच्या वेळी दोरीसकट सगळं सैल होतं.

पुन्हा पुन्हा आवळणं हा यावर उपाय नाही. रॅक नेमका कुठे सैल होतो ते आधी शोधावं लागतं. निम्म्या वेळा दोष एखाद्या बकलचा किंवा हुकाचा निघतो आणि थोडक्यात सुटतो. उरलेल्या वेळा तो रॅक त्या गाडीच्या पाठीसाठी बनलेलाच नसतो. तिथे कितीही आवळा, फरक पडत नाही. रॅकचा प्रकारच बदलावा लागतो. म्हणून आधी दोष शोधण्याबद्दल लिहितो आणि मग निवडीबद्दल.

व्हाइटनरची रेघ

पट्ट्यांचा रॅक गाडीला कुठेही स्क्रूने बसवलेला नसतो. त्याचे पाय डिकीच्या दारावर आणि खाली बंपरवर टेकतात, आणि वरचे, खालचे, बाजूचे पट्टे त्याला दाबून धरतात. वरचे पट्टे वजन पेलतात. खालचे पट्टे रॅकला उसळू देत नाहीत. बाजूचे पट्टे घाटातल्या वळणांवर त्याला डावी-उजवीकडे झुलू देत नाहीत. त्यामुळे ‘रॅक सैल झाला’ एवढ्याने काहीच कळत नाही. कुठला पट्टा सैल झाला हे कळलं की अर्धं निदान झालं.

सगळे पट्टे आवळून झाले की प्रत्येक बकलच्या तोंडाशी, पट्टा जिथून बाहेर येतो तिथे, व्हाइटनरने एक आडवी रेघ ओढा. जिथे हूक दाराच्या कडेला अडकला आहे तिथे हुकाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे छोटे तुकडे चिकटवा. आता आठ-दहा किलोमीटर चालवा. रस्ता मुद्दाम चांगला निवडू नका. दोन-चार स्पीडब्रेकर आणि थोडे खड्डे हवेतच. मग थांबून बघा.

रेघ बकलपासून सरकली असेल तर पट्टा बकलमधून निसटतो आहे. रेघ जागच्या जागी आहे पण हूक टेपवर चढला आहे, तर हूक सरकतो आहे. रेघही जागेवर, हूकही जागेवर, तरी पट्टा बोटाने सहज दाबला जातो, तर एक तर रॅकचे पाय कुठेतरी आत रुतले आहेत किंवा पट्टाच ताणला गेला आहे. या तीन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत. आणि तिन्हींवर लोक एकच उपाय करत असतात, जोर लावून ओढणं.

बकल निसटत असेल तर ती उघडून आत बघा. या रॅकना बहुधा दात असलेली स्प्रिंगची बक्कल असते. अंगठ्याने दाबली की उघडते आणि सोडली की दात पट्ट्यात रुततात. एका पावसाळ्यानंतर त्या दातांमध्ये बारीक वाळू आणि चिखल असा काही घट्ट बसतो की दात पट्ट्यापर्यंत पूर्ण पोचतच नाहीत. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन ते साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. तेल किंवा डब्ल्यूडी-४० मात्र मारू नका. स्प्रिंग मोकळी होईल, पण पट्टाही मोकळाच सुटेल. पट्ट्याचा तो भागही बघा. दात नेहमी एकाच जागी चावत असतील तर तिथला विणीचा पृष्ठभाग लोकरीसारखा फुगतो आणि गुळगुळीत होतो. असा पट्टा बदलायचाच. पॉलिएस्टरचा, २५ मिलिमीटर रुंदीचा, सामान बांधायच्या पट्ट्यांच्या दुकानात सहज मिळतो. नवीन असो वा जुना, बकलच्या बाहेर उरलेलं टोक लोंबतं ठेवू नका. बकलला टेकून दोन गाठी मारा. बक्कल थोडी निसटलीच तर गाठ अडकते आणि सायकली रस्त्यावर जात नाहीत.

इथे रॅचेटचा मोह होतो, कारण ट्रकवाले तेच वापरतात. पण ट्रकची हौदी जाड पोलादाची असते आणि डिकीचं दार पातळ पत्र्याचं. रॅचेटच्या तरफेने एका हाताने इतका ताण देता येतो की दाराची कड हुकाखाली वाकते, आणि वाकलेली कड मग रबराच्या पट्टीवर नीट बसत नाही. पावसात डिकीत पाणी यायला लागतं तेव्हा कुणाला रॅकची आठवणही येत नाही.

हूक सरकत असेल तर प्रश्न असा, की तो अडकवला कशाला आहे? हुकाने धातूची कड धरायला हवी. काच नाही, प्लॅस्टिक नाही. हल्लीच्या बहुतेक हॅचबॅकच्या डिकीला वर स्पॉयलर असतो आणि तो जवळपास नेहमीच प्लॅस्टिकचा असतो. रंग बॉडीचाच असल्यामुळे डोळ्यांना कळत नाही. फ्रिजवरचं एक लोहचुंबक घेऊन गाडीच्या मागे जा आणि कडेकडेने फिरवा. जिथे ते चिकटतं तिथे पोलाद. जिथे चिकटत नाही तिथे हूक लावायचा नाही. ते ॲल्युमिनियम असलं तर कदाचित चाललं असतं, पण ते गाडीच्या कंपनीकडून किंवा रॅकच्या कंपनीकडून कळल्याशिवाय धोका पत्करू नये. चुंबक फिरवताना वरची कड, दोन्ही बाजू आणि खालची कड, सगळीकडे फिरवा. तुमच्या गाडीला कुठला रॅक चालेल याचं निम्मं उत्तर या दोन मिनिटांत मिळतं.

हुकावरचं रबर किंवा विनाइलचं आवरण फाटलेलं असेल तर हूक रंगावरून घसरतो आणि जाताना रंगही घेऊन जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्यावर घट्ट चढवता येतो. हूक अडकवताना दार थोडं उघडून कडेवर नीट बसवा आणि मग दार लावा; बंद दाराच्या फटीत बाहेरून कोंबलेला हूक पहिल्या मोठ्या खड्ड्याला सरकतो.

आता तिसरी गोष्ट, रेघ आणि हूक दोन्ही जागेवर आणि तरी सैल. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत फोमच्या पायांचं थोडं बसणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणून निघाल्यावर पहिल्या चहाला थांबून एकदा आवळायचं, हे सगळ्याच रॅकना लागू आहे. पण त्यानंतरही पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर खालच्या पायाखाली बघा. पूर्वीचे बंपर जाड असत. आताच्या छोट्या गाड्यांचा बंपर म्हणजे पातळ प्लॅस्टिकचं आवरण. त्यावर तळहाताने दाबलं तरी तो आत जातो. रॅकचा पाय त्याच्या मधोमध टेकला असेल तर प्रत्येक खड्ड्याला तो आत जातो आणि बाहेर येतो, आणि पट्ट्यांचा ताण त्या प्रत्येक वेळी क्षणभर शून्य होतो. पाय बंपरच्या वरच्या काठाजवळ, जिथे तो वळतो आणि कडक असतो, तिथे आणता येतो का ते पाहा. रॅकच्या सांध्याचे कोन बदलून बऱ्याचदा जमतं. नाही जमलं तर ती गाडी आणि तो रॅक यांची जोडी जमणार नाही, हे मान्य केलेलं बरं.

आणि पाऊस. नायलॉन पाणी शोषतं आणि भिजलं की लांबतं. पॉलिएस्टर फारसं शोषत नाही. ताम्हिणीतून कोकणात उतरताना कोरडा आवळलेला नायलॉनचा पट्टा भिजल्यावर सैल होणारच. तो बकलचा दोष नाही, धाग्याचा आहे. पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्यांनी रॅकबरोबर आलेले पट्टे कशाचे आहेत ते विचारून घ्यावं. सांगता आलं नाही, तर एक पट्टा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी मोजावा.

बाजूच्या पट्ट्यांबद्दल एवढंच सांगतो की ते पिशवीतून बाहेर काढा. कितीतरी रॅक या दोन पट्ट्यांशिवाय फिरत असतात, कारण सरळ रस्त्यावर त्यांची गरज भासत नाही. वरंधा घाटात भासते.

तिसऱ्या सायकलचा हिशोब

रॅक तीन सायकलींचा म्हणून विकला जातो आणि घरात सायकली तीन असतात, म्हणून तीन चढतात. आपल्या रस्त्यांवर पट्ट्यांच्या रॅकवर मी तीन मोठ्या सायकली नेऊ नका असंच सांगेन, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे.

समजा प्रत्येक सायकल १५ किलोची. पहिली दारापासून सुमारे २५ सेंटिमीटरवर लटकते, दुसरी ४५ वर, तिसरी ६५ वर. वरच्या हुकांना जे ओढणं सोसावं लागतं ते नुसत्या वजनाचं नसतं, वजन गुणिले अंतर असं असतं. दोन सायकलींचं ते होतं १५ गुणिले २५ अधिक १५ गुणिले ४५, म्हणजे १,०५०. तिसरी चढवली की त्यात ९७५ मिळतात. वजन दीडपट झालं, पण हुकांवरची ओढ जवळजवळ दुप्पट. हे गाडी उभी असताना. चाक खड्ड्यात आदळून वर येतं तेव्हा ही ओढ क्षणभर आणखी वाढते, आणि गाडीचा मागचा भाग चाकाच्याही मागे असल्याने तो चाकापेक्षा जास्त उसळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं म्हटलं आहे, म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरेल असा. आपल्या गल्लोगल्लीचे ब्रेकर कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. परदेशी रॅकच्या चाचण्यांत ते नसतात.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. जड सायकल नेहमी गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. १७ किलोची गिअरची आणि ९ किलोची रोड बाइक असेल तर हा क्रम उलटा केल्याने ओढ साधारण वीस टक्क्यांनी वाढते, आणि तीही फुकट. निघताना बाटल्या, हँडलची बॅग, सीटखालची टूल बॅग, कुलूप, पंप सगळं काढून गाडीत टाका. मुलांची सीट मागे लावलेली असेल तर तीही. अनेक पट्टा-रॅकची मर्यादा एका सायकलला १५ किलो इतकीच असते, आणि ती रॅकवर किंवा पत्रकावर छापलेली असते. साधी काळी रोडस्टर या मर्यादेच्या वर जाते. इलेक्ट्रिक सायकल वीस-पंचवीस किलोची. बॅटरी काढली तरी पट्टा-रॅकवर तिला जागा नाही.

सायकल स्वतः हलते तेव्हा

कधी कधी रॅक जागच्या जागी असतो आणि सायकलीच झुलतात, पण आरशात दोन्ही सारखंच दिसतं. गाडी थांबवून रॅकची दांडी धरून हलवा, मग सायकल धरून हलवा, लगेच कळेल.

सायकलला रॅकच्या दोन हातांवर ठेवून वरच्या दांडीला बांधतात. ती तेवढ्यावर लोलकासारखी झुलते. म्हणून सीटच्या नळीला तिसरा पट्टा लागतो. चांगल्या रॅकवर त्यासाठी खाली लोंबणारा वेगळा पाळणा असतो, आणि घेताना तो आहे का हे बघाच. पुढचं चाक हँडलसकट वळतं, तर ते चाक फ्रेमच्या तिरक्या नळीला वेल्क्रोने बांधा. दोन सायकली एकमेकींकडे उलट्या तोंडाने लावा, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. एकीचं पेडल दुसरीच्या तारांत जाणार असेल तर ते पेडल पान्याने काढायला पाच मिनिटं लागतात. डावं पेडल घड्याळाच्या दिशेने सुटतं, हे लक्षात ठेवा.

आडवी दांडी नसलेल्या लेडीज सायकली आणि लहान मुलांच्या सायकली या रॅकवर तिरक्या लटकतात आणि सरकत राहतात. सीटच्या नळीपासून हँडलच्या मानेपर्यंत लावायची एक सुटी दांडी मिळते, ती घ्यावी. कार्बनच्या फ्रेमची वरची नळी मात्र कुठल्याही पकडीने आवळू नये. कार्बन लांबीच्या दिशेने ताकदवान असतो, आडव्या दाबाला कच्चा, आणि पडलेली चीर रंगाखाली दिसतही नाही. कार्बनला सायकल चाकांवर उभी राहील असा रॅक हवा, नाहीतर गाडीच्या आतली जागा.

एक गोष्ट हमखास सुटते. लटकत्या सायकलचं मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येतं का ते बघा. तासभराच्या प्रवासात गरम हवेने टायर मऊ पडतो, रिम तापते, ट्यूब फुटते. सायकल दुसऱ्या बाजूला तोंड करून लावली की प्रश्न मिटतो.

गाडीची पाठ बघून रॅक निवडा

आता निवड. इथे लोक आधी रॅक बघतात, किंमत बघतात, आणि मग गाडीला बसवायला जातात. उलट करायला हवं. चुंबक फिरवून झालं असेल तर तुमच्याजवळ माहिती आहेच.

वरची कड पोलादाची, स्पॉयलर नाही किंवा अगदी छोटा, बंपर बऱ्यापैकी कडक, सायकली दोन आणि बेताच्या वजनाच्या: अशा हॅचबॅकला पट्ट्यांचा रॅक अगदी योग्य. स्वस्त, हलका, काम झालं की काढून माळ्यावर. स्पॉयलर मोठा असेल तर कमानीसारखे वळलेले पाय असणारे रॅक मिळतात. ते स्पॉयलरच्या वरून जातात आणि त्याला न टेकता खाली दारावर टेकतात. सॅरिस कंपनीचे ‘बोन्स’ याच जातीचे, आणि प्लॅस्टिकचे असल्याने गंजत नाहीत. कोकणात आणि गोव्यात याचं मोल कळतं. मात्र पट्टा स्पॉयलरवरून जाताना त्याला दाबत असेल तर तो रॅकही नको.

सेडानची डिकी या कामाला सहसा उत्तम असते. मागच्या काचेखालची झाकणाची कड पत्र्याची, सपाट, आणि रॅक उंचावर बसतो. सेडानवाल्यांच्या तक्रारी म्हणूनच कमी येतात.

मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्या म्हणजे थार, बोलेरो, जिम्नी, जुनी इकोस्पोर्ट. त्यांच्यासाठी स्टेपनीवरच बसणारे रॅक असतात. पकड भक्कम असते, कारण रॅक थेट धातूला घट्ट होतो. पण स्टेपनी आणि सायकली यांचं सगळं वजन एका बाजूला उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांवर येतं. दार उघडताना थोडं वर उचलावं लागत असेल तर बिजागऱ्या आधीच दमल्या आहेत. त्यावर तीस किलो टांगू नका.

छपरावरच्या रॅकबद्दल खूप आकर्षण असतं, आणि पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगरसारख्या शर्यतीत मागे चालणाऱ्या मदतीच्या गाड्यांना तो सोयीचाही असतो: डिकी मोकळी, नंबर प्लेट मोकळी, सायकल झटकन काढता येते. पण तो घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, छपरावर दिसणारे रेल खरे आहेत का. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरचे रेल शोभेचे असतात, चिकटवलेले. त्यावर वजन ठेवायचं नसतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत छपरावर किती किलो चालतात ते दिलेलं असेल. आकडा नसेल किंवा ‘वजन ठेवू नये’ असं लिहिलं असेल तर विषय संपला. आकडा असेल तर त्यातून आडव्या दांड्यांचं आणि रॅकचं वजन आधी वजा करा, उरतं ते सायकलींचं. दुसरी, उंची. गाडी दीड मीटर, वर दांडी आणि ट्रे मिळून पंधरा सेंटिमीटर, वर उभी सायकल एक मीटरच्या आसपास: एकूण २.६५ मीटर. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग, मॉलचं पार्किंग, रेल्वेखालचे जुने बोगदे या सगळ्यांत हे बसत नाही. डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर २.६५ असा कागद चिकटवून ठेवा. छपरावर सायकल आहे हे घराच्या दारातच विसरलं जातं. तिसरी, उचलणं. पंधरा किलो डोक्याच्या वर नेऊन खाचेत बसवायचे आहेत, आणि तेही शंभर किलोमीटर चालवून आल्यावर, ओल्या बुटांनी. गाडी उंच एसयूव्ही असेल तर हे बहुतेकांना एकट्याने जमत नाही.

छपरावरच्या काही रॅकमध्ये पुढचं चाक काढून फोर्क (चाक धरणारा चिमटा) पकडीत बसवतात. तिथे तुमच्या सायकलचा पुढचा ॲक्सल (चाकाचा आस) कुठला ते माहीत हवं. जुन्या क्विक रिलीजवाल्यांना (खटका उघडला की चाक सुटतं त्यांना) १०० मिलिमीटरची साधी पकड चालते. डिस्क ब्रेकच्या नव्या रोड बाइकचा थ्रू ॲक्सल (फोर्कमधून आरपार जाणारा आस) बहुधा १२ गुणिले १००, नव्या एमटीबीचा (माउंटन बाइकचा) १५ गुणिले ११०. यांना वेगळे ॲडॅप्टर लागतात. आणि हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक काढल्यावर ब्रेकचा लीव्हर कुणी दाबू नये म्हणून पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती घाला. नाही तर पिस्टन आवळले जातात आणि पहाटे सव्वापाचला, बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) सुरुवातीच्या रांगेत, चाक आत जात नाही.

व्हॅक्यूम कपांवर चिकटणाऱ्या रॅकबद्दल मी सावधच सांगेन. गुळगुळीत, स्वच्छ, थंड काचेवर किंवा पत्र्यावर ते आश्चर्य वाटावं इतके पक्के बसतात. पण आपल्याकडे गाडीवर धूळ कायम असते, आणि कपाच्या कडेखाली अडकलेला एक वाळूचा कणही हवा आत सोडतो. बसवण्याआधी जागा आणि कप दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, आणि पंपाच्या दांड्यावरची रंगीत पट्टी दर थांब्याला बघा. ती दिसू लागली की पुन्हा पंप करायचं. मे महिन्यात काळ्या गाडीच्या तापलेल्या छपरावर मी ते लावणार नाही.

सगळ्यात चांगला रॅक म्हणजे मागे चॅसिसला जोडलेल्या हिचवरचा (ट्रेलर ओढायच्या जोडावरचा), ज्यात सायकली चाकांवर उभ्या राहतात. सायकली खाली असतात, फ्रेमला पकड लागत नाही, जड आणि इलेक्ट्रिक सायकलीही चालतात, पट्टे सैल व्हायचा प्रश्नच नाही. अडचण अशी की आपल्याकडच्या फार थोड्या गाड्यांना कंपनीकडून हिच मिळतो. बाहेरून बसवायचा तर तो चॅसिसच्या मूळ बोल्टच्या जागांवर बसणारा हवा, बंपरच्या पत्र्याला वेल्ड केलेला नको. आणि एक विनंती: अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून हिचचा रॅक मागवण्याआधी आपल्या गाडीचा हिच मोजा. तिकडचे रॅक चौकोनी नळीत बसतात, सव्वा किंवा दोन इंची. युरोपातले ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसतात. आपल्याकडे बसवून मिळणारा हिच बहुधा गोळ्याचा असतो. तीस किलोचा रॅक सामानात आणून तो बसला नाही की परत पाठवायचा मार्ग नसतो.

आणि सायकल एकच असेल तर रॅक घेऊच नका, असं मी मनापासून सांगतो. मागच्या सीट पाडा, दोन्ही चाकं काढा, चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चक्रावर घ्या, डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) बाजू वर ठेवून सायकल जुन्या चादरीवर आडवी टाका. लहान हॅचबॅकमध्येही बसते. चोरीची भीती नाही, पावसाची नाही, खड्ड्याची नाही.

रुंदी, नंबर प्लेट आणि दिवे

मागे आडवी टांगलेली सायकल गाडीपेक्षा रुंद असू शकते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. रोड बाइक सुमारे १.७ मीटर लांब. २९ इंची चाकांची एमटीबी १.८५ ते १.९ मीटर. ऑल्टो के१० ची रुंदी १.४९ मीटर, वॅगन आरची १.६२, स्विफ्टची १.७३५, क्रेटाची १.७९. म्हणजे ऑल्टोच्या मागे कुठलीही मोठी सायकल दोन्ही बाजूंना डोकावणार, आणि ते चाक चालकाला दिसत नाही, पण शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याला लागतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९४ (१अ) हे कलम नेमकं गाडीच्या बाजूंबाहेर, मागे-पुढे किंवा उंचीत मर्यादेबाहेर जाणाऱ्या सामानाबद्दल आहे, आणि दंड २०,००० रुपयांचा आहे. उपाय सोपा: पुढचं चाक काढून गाडीत ठेवा. रोड बाइकची लांबी मग साधारण १.३५ मीटर उरते आणि ऑल्टोच्या मागेही ती मावते.

मागची नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. प्लेट डिकीच्या दारावर मधोमध असेल तर लटकत्या सायकली ती झाकतातच. बंपरवर असेल तर वाचते. रॅक घेण्याआधी हेही बघा, कारण नंतर करण्यासारखं फार थोडं असतं: सायकली जरा वर घेता येतात, चाकं काढता येतात. मागचे दिवे आणि इंडिकेटर झाकले जात असतील तर रात्री चालवू नका. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही ब्रेक मारल्याचं कळलंच नाही, तर बाकी सगळी काळजी व्यर्थ आहे. बाहेरच्या सायकलला तिचा स्वतःचा लाल दिवा चालू करून लावणं चांगलं, पण तो ब्रेकच्या दिव्याची जागा घेत नाही.

बटणाने उघडणारी विजेची डिकी असेल तर रॅक लावल्याबरोबर ती सेटिंगमधून बंद करा. खिशातल्या किल्लीचं बटण चुकून दाबलं गेलं तर मोटर तीस किलो सायकलींसकट दार उचलायला बघते. मागचा वायपरही चालू राहू देऊ नका.

विकत घेताना

गाडी आणि तुमची सर्वांत जड सायकल, दोन्ही घेऊन दुकानात जा. थूले, याकिमा यांच्यासारख्या कंपन्या गाडीच्या मॉडेलनुसार कुठला रॅक बसतो याच्या याद्या देतात, आणि ती यादी दुकानदाराच्या ‘सगळ्यांना बसतो साहेब’पेक्षा नेहमी वरचढ समजावी. पण आपल्याकडच्या चार मीटरच्या आतल्या कितीतरी गाड्या त्या याद्यांत नसतात. तेव्हा बसवून बघणं हाच मार्ग. दुकानदार स्वतः बसवून देत असेल तर शेजारी उभं राहून फक्त बघू नका. काढून पुन्हा तुमच्या हाताने बसवा. व्हाइटनर खिशात ठेवा. रेघा ओढा, जवळच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर एक फेरी मारा आणि परत येऊन रेघा दाखवा. हे करू द्यायला तयार नसलेल्या दुकानातून रॅक घेऊ नये.

वापरात आल्यावर तपासण्याचा क्रम असा: पहिल्या दहा किलोमीटरला, नंतर दर थांब्याला, आणि घाट किंवा खराब पट्टा संपल्यावर लगेच. रस्ता अगदी चांगला असला तरी ताशी ८० च्या आसपासच राहा. आणि मुक्कामाला पोचलात की रॅक काढून ठेवा. फोमच्या पायांखाली धूळ अडकते, रिकामा रॅक थरथरत राहतो, आणि पायांच्या मापाचे खरखरीत गोल डाग रंगावर उमटतात. पॉलिश करूनही ते पूर्ण जात नाहीत. बसवण्याआधी पाय आणि पत्रा दोन्ही ओल्या फडक्याने पुसणं हा त्यावरचा एकमेव उपाय.

किनाऱ्यावरून, म्हणजे मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेंगुर्ला असं कुठूनही परत आलात तर पट्टे आणि बकला गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. उन्हात धागा कमजोर होतो आणि खारं पाणी बकलच्या स्प्रिंगला गंज चढवतं. वाळल्यावर प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी ताणून, उजेडात धरून बघा. कडेची शिवण उसवलेली किंवा रंग पांढरट पडलेला दिसला तर तो पट्टा त्याच दिवशी कापून टाका, म्हणजे पुढच्या पहाटेच्या घाईत चुकून वापरला जाणार नाही.